लेकीसाठी हात पसरताना



माउली, वारीच्या वाटेवर आपण दिवसातून किती वेळा मागतो, हे कधी मोजले आहे का? पहाटे कोणाच्या तरी विहिरीवर पाणी मागतो. दुपारी कोणाच्या ओसरीवर पाठ टेकायला जागा मागतो. चटणीला मीठ कमी पडले तर शेजारच्या राहुटीतून मागून आणतो. अलीकडे फोन चार्ज करायला भिंतीवरचे बटणसुद्धा मागतो. यात कोणाला लाज वाटत नाही आणि देणाराही उपकार केल्याचा आव आणत नाही. उलट लोक वाट अडवून चहा देतात, पाय चेपून देतात. आणि हाच वारकरी घरी परतला, घरात मोठे दुखणे आले, पैसा कमी पडला, की त्याचा घसा कोरडा पडतो. गळ्यात माळ घातली तेव्हापासून कुणापुढे हात पसरला नाही, आता कसा पसरू, असे तो म्हणतो. बायको सुचवते, मुलगा सुचवतो. तो ओसरीवर बसून राहतो.

हा प्रश्न जुना आहे. तो आज मांडतो आहे तो एका पत्रामुळे. पत्र माणदेशातल्या एका निवृत्त शिक्षकांचे आहे. आपण त्यांना गुरुजी म्हणू. तीस वर्षे ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर चालणारा हा माणूस. त्यांची एकुलती एक लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते, दोन लहान मुले आहेत, आणि गेली चार वर्षे ती आजारी आहे. जावयांनी उपचारासाठी पैसे जमवायला इंटरनेटवर एक पान उघडले आहे. त्यावर लेकीचा अंथरुणातला फोटो आहे. जावयांनी ते पान गुरुजींना पाठवले आणि म्हटले, बाबा, तुमच्या दिंडीच्या ग्रुपवर टाका, तुमच्या ओळखी खूप आहेत. गुरुजी लिहितात, ‘फोन हातात घेऊन तीन रात्री बसलो. बोट बटणावर जाते आणि मागे येते. मला कळत नाही, मी अहंकारामुळे थांबलो आहे की विवेकामुळे.’

त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. नाव-गाव त्यांच्या इच्छेवरून गाळले आहे.

आता हा आजार कोणता, ते आधी समजून घ्यायला हवे, कारण गुरुजींची निम्मी अडचण त्या आजारातच आहे. त्याचे नाव लाइम. लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. लाइम हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचे नाव. १९७५ साली त्या भागातल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन आयांच्या लक्षात आले की ही दुखणी सुटी सुटी नाहीत. पॉली मरेबाई स्वतः आणि त्यांचे कुटुंब कित्येक वर्षे आजारी होते, आणि डॉक्टर त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेत नव्हते. या आयांनी कोणाला काय होते याच्या नोंदी ठेवल्या आणि आरोग्य खात्याचे व येल विद्यापीठाचे दार ठोठावले. तिथे अ‍ॅलन स्टीअर नावाच्या तरुण डॉक्टरांनी ते काम हाती घेतले. पुढे १९८२ साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांनी गोचिडीच्या पोटात सापडलेला जंतू जगापुढे ठेवला. त्या जंतूला आज त्यांचेच नाव आहे.

गोचीड आपल्याला नवी नाही. गाईच्या कानातून, बैलाच्या मानेखालून आपण ती आयुष्यभर काढत आलो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात माकडताप पसरतो तोही एका जातीच्या गोचिडीमुळेच, पण त्याचा जंतू वेगळा. अमेरिकेतली ही गोचीड हरणांच्या अंगावर वाढते. तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि चावले तरी कळत नाही. बहुतेक वेळा ती दिवसभराहून अधिक चिकटून राहिली तरच जंतू अंगात उतरतो, म्हणून तिकडे बागेतून आल्यावर अंग तपासायला सांगतात. पुष्कळांच्या कातडीवर लाल चकंदळ उठते, काहींच्या उठत नाही. ताप, अंगदुखी, सांधे धरणे असे सुरू होते. त्या देशात दरवर्षी सुमारे पावणेपाच लाख लोकांवर या रोगासाठी उपचार होतात, असा तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे. वेळेवर ओळखला तर दोन ते चार आठवड्यांच्या जंतुनाशक गोळ्यांनी बहुतेक माणसे बरी होतात.

बहुतेक. या शब्दाबाहेर जी माणसे उरतात त्यांच्यात गुरुजींची लेक आहे. शंभरातल्या पाच-दहा जणांना औषध संपल्यावरही महिनोन् महिने थकवा, सांधेदुखी, डोक्यात धुके भरल्यासारखे होणे, शब्द न आठवणे असा त्रास राहतो. असे का होते, याचा शोध अजून चालू आहे. त्याला काही जण जुनाट लाइम म्हणतात आणि अंगात जंतू दडून बसला आहे, म्हणून महिनोन् महिने शिरेतून जंतुनाशक चढवत राहावे, असे सांगतात. मोठ्या वैद्यकीय संस्थांना हे मान्य नाही. २००१ साली अमेरिकेत आणि २०१६ साली नेदरलँड्समध्ये याच प्रश्नावर काळजीपूर्वक पाहणी झाली. काहींना लांबवर औषध दिले, काहींना दिसायला तसेच पण औषध नसलेले दिले, आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही. शिवाय शिरेत कायम बसवलेल्या नळीतून संसर्ग होण्याचा, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वेगळाच. विमा कंपन्या सहसा असल्या उपचाराचे पैसे देत नाहीत. मग विमा न घेणारा, रोख पैसे घेणारा डॉक्टर गाठावा लागतो. गुरुजींच्या लेकीला अशाच एका डॉक्टरांनी सहा महिन्यांचा खर्च सांगितला आहे. आकडा मी लिहीत नाही. तेवढ्यात गुरुजींची सगळी जमीन जाते.

म्हणजे पाहा, एका पत्रात तीन प्रश्न आहेत. लेकीसाठी मागावे का, हा एक. ज्या उपचाराबद्दल जाणत्यांना शंका आहे, त्यासाठी मागावे का, हा दुसरा. आणि तिसरा गुरुजींनी लिहिलेला नाही, पण पत्रात तो जागोजाग आहे. पैसा उभा केला नाही, तर आपले लेकीवर प्रेम कमी होते असे ठरेल का?

पहिल्याचे उत्तर मला अवघड वाटत नाही. अयाचित वृत्ती आपल्याकडे मोठी मानली आहे आणि ती मोठी आहेच. पण ती कोणत्या गोष्टीत, ते पाहिले पाहिजे. गाडगेबाबा जन्मभर मागत होते. कीर्तनात उभे राहून हजारो लोकांपुढे मागत होते. त्या मागण्यातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि मुंबईत मोठ्या दवाखान्यात येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातलगांना पाठ टेकायला जागा झाली. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. एवढे मागणाऱ्या माणसाच्या हातात शेवटपर्यंत काय होते? फुटके गाडगे आणि काठी. बायकामुलांना त्या पैशातले काही लागू द्यायचे नाही, हा त्यांचा नेम सगळ्यांना ठाऊक होता. म्हणून त्यांना मागायला कधी संकोच वाटला नाही आणि लोकांना द्यायला.

तुम्ही म्हणाल, गाडगेबाबा लोकांसाठी मागत होते, गुरुजी स्वतःच्या लेकीसाठी मागणार. फरक आहे, खरे. पण आजारी माणूस स्वतःची मुलगी असली म्हणून तिचे दुखणे कमी दर्जाचे होत नाही. परक्याच्या मुलीसाठी गुरुजींनी दिंडीत पदर पसरला असता तर आपण त्यांचे कौतुकच केले असते. मग स्वतःच्या मुलीच्या वेळी जो आडवा येतो, तो विवेक नव्हे. आजवर आपण देणाऱ्यांच्या रांगेत उभे होतो, आता घेणाऱ्यांच्या रांगेत जावे लागेल, याचे ते दुःख आहे. हे दुःख समजण्यासारखे आहे. त्याला वैराग्य म्हणू नये एवढेच. पंगतीत आज वाढणारा उद्या पानावर बसतो. पानावर बसला म्हणून त्याचे काही गेले असे आपण कधी मानले आहे का?

इथे एक गोष्ट थोडी आडवळणाची सांगतो. कोणी मदत मागितली की आपल्यातले काही जण हलक्या आवाजात म्हणतात, ‘भोग आहेत, भोगून संपवावे.’ प्रारब्धाचा सिद्धांत मी नाकारत नाही. पण तो शब्द आपल्या दुखण्याला लावायचा असतो. दुसऱ्याच्या दुखण्याला लावला की तो शास्त्र राहत नाही, पाकीट न उघडण्याची सबब होते. आपल्या तुकोबारायांच्या घरी दुष्काळ आला, इ.स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. त्यात थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. ते स्वतः सावकारीच्या घरातले. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली. पण त्यातला एक बारकावा आपण कीर्तनात घाईने ओलांडतो. आधी त्यांनी निम्मी खते धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या हाती दिली, आणि आपल्या वाट्याचीच तेवढी बुडवली. दान स्वतःच्या वाट्याचे. भावाच्या वाट्याचे वैराग्य ते परस्पर करायला गेले नाहीत. प्रारब्धाचेही तसेच आहे, ज्याने त्याने आपल्या वाट्याचे सोसावे आणि शेजाऱ्याला ‘तुझे तू सोस’ म्हणू नये.

आता दुसरा प्रश्न. इथे मात्र माझे पाऊल जपून पडते.

उपचाराला आधार नाही असे म्हटले की आजारी माणसाला ऐकू येते ते वेगळेच. तिला ऐकू येते, तुझे दुखणे खोटे आहे. गुरुजींच्या लेकीला हे चार वर्षांत किती जणांनी सुचवले, ते पत्रात आहे. रक्त तपासले, सगळे ठीक आहे, मनाचे आहे. फोटोत हसते आहे की. मुलाच्या वाढदिवसाला उभी होती की. आणि त्या वाढदिवसानंतर ती पाच दिवस पडून होती, हे फोटोत येत नाही. लाइम गावच्या आयांनाही सुरुवातीला असेच वाटेला लावले होते, हे विसरू नका. तेव्हा जाणते चुकले होते आणि आया बरोबर होत्या. म्हणून दुखणे खरे की खोटे, हा निवाडा आपण बाहेरच्यांनी करूच नये. दुखते ते दुखते.

पण त्याच आयांकडे पुन्हा पाहा. त्यांचे म्हणणे खरे ठरले ते कशाने? नोंदी ठेवल्याने, मोजल्याने, आपले म्हणणे तपासायला जाणत्यांच्या हाती दिल्याने. तेव्हा त्यांची बाजू घ्यायची तर पुढच्या तपासणीचे निष्कर्षही मानावे लागतात. दुखणे खरे आहे, म्हणून त्यावर सांगितलेला प्रत्येक उपाय खरा, असे होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, तर आजारी माणसाचा अपमान न करता उपचाराबद्दल शंका घेता येते.

आपल्या संप्रदायाला ही वेगळी ठेवण्याची सवय आहे. संतांनी भक्तांची आर्तता खरी मानली आणि नवससायासाला थारा दिला नाही. आई पोरासाठी रडते ते खरे. त्या रडण्यावर कोंबडे-बकरे मागणारा मात्र तिला फसवतो. मला भीती वाटते ती ही, की मोठ्या रकमेचा, शंकेचा उपचार आपल्या काळात नवसाची जागा घेतो. मी एवढे खर्च केले तर ती बरी होईल. जमीन विकली तर नक्कीच होईल. आणि नाही झाली, तर मी अजून पुरेसे दिले नाही. नवसाचा हिशेब असाच चालतो. तो कधी पुरा होत नाही, कारण कमी नेहमी भक्ताच्या बाजूचेच निघते, नवस सांगणाऱ्याच्या बाजूचे कधीच नाही.

गुरुजींनी लिहिले आहे, ‘जमीन विकली नाही तर आयुष्यभर वाटेल की सगळे केले नाही.’ माउली, या वाक्यात लेक कुठे आहे? वाक्य बापाबद्दल आहे. मी हे त्यांना दुखवायला म्हणत नाही; कोणत्याही बापाच्या तोंडून हेच वाक्य निघाले असते. पण मागायला निघण्याआधी एवढे तरी वेगळे केले पाहिजे, की पैसा लेकीच्या गरजेसाठी हवा आहे की आपल्या मनाच्या समाधानासाठी. दोन्हींची रक्कम सारखी निघेलच असे नाही.

मी त्यांना उलट एकच विचारले. लेकीला विचारलेत का? तिला काय हवे आहे? फोटो टाकायला तिची हरकत नाही ना?

त्यांचे उत्तर आठ दिवसांनी आले. विचारले नव्हते. जावयांनीही नीटसे विचारले नव्हते. फोटो ती झोपलेली असताना काढलेला होता. तिने सांगितले, बाबा, तो फोटो काढायला लावा, माझ्या मुलांच्या वर्गातल्या आयांनी तो पाहिला आहे. आणि हवे काय आहे? सकाळी मुलांना उठवून शाळेच्या बसपर्यंत नेणारे कोणी हवे. उभे राहून पोळ्या लाटवत नाहीत. हळूहळू चालण्याचे, ताकद परत आणण्याचे जे व्यायाम दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितले आहेत, त्यांच्या फिया विम्यात पुऱ्या बसत नाहीत. झोपेवर आणि दुखण्यावर उपचार करणारा नीट डॉक्टर हवा. शिरेतल्या औषधाबद्दल ती म्हणाली, मला भीती वाटते, पण सगळे इतके धावपळ करत आहेत की नाही म्हणवत नाही.

नाही म्हणवत नाही, हे ऐकून मी बराच वेळ गप्प राहिलो. तिच्यासाठी पैसा जमवणाऱ्यांच्या प्रेमानेच तिचे तोंड बंद केले होते. मदतीचे असे ओझे होऊ शकते. मागणाऱ्याने शंभर लोकांना सांगितले की अमुक उपचारासाठी द्या, लोकांनी दिले, की मग त्या उपचारातून मागे फिरायला आजारी माणसाला जागा उरत नाही. लोक काय म्हणतील, आमचे पैसे घेतले आणि उपचार घेतलाच नाही? म्हणून मागतानाच मागणे रुंद ठेवावे. ‘लेक आजारी आहे, तिचे घर चालायला आणि तिच्या औषधपाण्याला मदत हवी आहे, कोणते उपचार घ्यायचे ते ती आणि तिचे डॉक्टर ठरवतील.’ असे लिहिले तर देणाऱ्यालाही खरे कळते आणि तिलाही मोकळीक राहते. डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, हेही लिहावे. त्याने चार जण कमी देतील. देऊ देत. जे देतील ते डोळे उघडे ठेवून देतील.

खरे सांगून मागणे, यावरून दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याच्या कोठारातले धान्य त्यांचे नव्हते, बेदरच्या बादशहाचे होते. दुष्काळात त्यांनी ते उपाशी लोकांना वाटले. कथा सगळ्यांना पाठ आहे: विठू महार होऊन पांडुरंग दरबारात गेला आणि मोहरा मोजून दिल्या. पण पुढे त्याने काय केले? पावती घेतली. ती आणून दामाजींच्या पोथीत ठेवली. मला या कथेतली ही जागा फार आवडते. साक्षात देव, त्याला पावतीची काय गरज? पण पैसा दुसऱ्याचा होता, म्हणून त्याचा कागद हवा, हे देवालाही सुटले नाही. आपण तर माणसे. लेकीसाठी दहा जणांकडून घेतलेला पैसा हा दामाजींच्या कोठारातला दाणा आहे. तो आपल्या हातात असतो, आपला नसतो. वही ठेवावी. कोणाकडून किती आले, कशावर किती गेले, ते दर महिन्याला सांगावे. कोणी विचारण्याआधी सांगावे.

आणि देणाऱ्यांनो, आता थोडे तुमच्याकडे वळतो, कारण हात पसरणाऱ्याला उपदेश करणे सोपे आहे. दिल्यावर त्या घराची पाळत ठेवू नका. शंभर रुपये देऊन आपण कित्येकदा दुसऱ्याचे आयुष्य तपासायचा परवाना विकत घेतल्यासारखे वागतो. आजारी म्हणतात आणि नवी साडी कशी? लेकरांना बागेत कसे नेले? वही दाखवणे हे मागणाऱ्याचे काम, आणि वहीबाहेर न डोकावणे हे देणाऱ्याचे.

दुसरे म्हणजे, कोणाला देतो ते एकदा पाहावे. इंटरनेटवरच्या पानाला पैसा मिळतो तो ज्याच्या ओळखी जास्त, ज्याचा फोटो करुण, ज्याला चार ओळी नीट लिहिता येतात त्याला. गुरुजींच्या लेकीला निदान एवढे तरी आहे. त्याच दिंडीत चालणाऱ्या, मुलाच्या डायलिसिससाठी दर आठवड्याला एसटीने जिल्ह्याला जाणाऱ्या बाईचे पान कोण उघडणार? दुःखाची अशी चढाओढ लावायची आणि जो जास्त रडवेल त्याला द्यायचे, ही समतेची रीत नव्हे. दिंडीत आपण भिशी भरतो, सगळ्यांची सारखी. ती भरताना कोण जास्त भुकेला ते विचारत नाही, आणि पंगतीत कोणाचा फोटो लावत नाही. आमच्या फडावर गेली काही वर्षे भिशीतून थोडी रक्कम आजारपणासाठी बाजूला काढतात. कोणाला दिली ते विणेकरी आणि आणखी दोघांनाच ठाऊक असते. रक्कम लहान असते, पण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. तुमच्या दिंडीत असे काही नसेल तर येत्या बैठकीत विषय काढून पाहा.

आणि इथल्या आजारपणात, हात पसरण्याआधी हक्काचे मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला आजार बसतो का ते विचारा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली ती योजना आहे. कितीतरी माळकरी जमीन गहाण टाकतात आणि ही खाट मागायला लाजतात. ती काही भीक नाही. ज्यांना सरकारने करात सूट दिली त्यांच्याकडून ते घेणे आहे. गुरुजींच्या लेकीला यातले काही उपयोगाचे नाही, ती दुसऱ्या देशाच्या नियमांत आहे. तिथे विमा नोकरीला बांधलेला असतो, आणि आजारपणात नोकरी गेली की विमाही जातो, ही गोष्ट आपल्याला दुरून विचित्र वाटते. तिची नोकरी गेली. जावयांची आहे म्हणून निभावले.

गुरुजींनी शेवटी पान दिंडीच्या ग्रुपवर टाकले. फोटो काढून, मजकूर बदलून. शिरेतल्या औषधाचे सध्या थांबले आहे. पुढे काय करायचे ते ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून ठरवणार आहे. जमीन विकलेली नाही. जमलेली रक्कम मोठी नाही. रुपयाचे डॉलर केले की फारच लहान होते. तिच्यातून तिच्या आईचे विमानाचे तिकीट निघाले आणि काही महिन्यांच्या व्यायामाच्या फिया. आई सहा महिन्यांसाठी गेली आहे. लेक बरी झालेली नाही. पूर्वी आठवड्यातून एक दिवस बरा जायचा, आता दोन जातात, असे ती फोनवर सांगते.

गुरुजी एकटे पडले, म्हणून दिंडीतले दोघे त्यांच्याकडे आलटून पालटून जेवायला जातात, म्हणजे खरे तर त्यांना जेवायला घालायला जातात. आणि जमलेल्या पैशांची वही गुरुजींनी शाळेच्या हजेरीपटासारखी आखली आहे. उरेल त्याचे काय करायचे, असा प्रश्न त्यांनी ग्रुपवर टाकला होता. कोणी म्हणाले परत करा, कोणी म्हणाले लेकीलाच राहू द्या. एका म्हातारीने बोलून पाठवले की माझे एक्कावन्न रुपये त्या डायलिसिसच्या पोराकडे द्या. त्यावर अजून काही ठरलेले नाही. कार्तिकीला सगळे भेटतील तेव्हा वही वाचून दाखवायची आहे.